एका डेव्हनमध्ये लष्कराची वरची फळी: ३ फेब्रुवारी १९५२, सांडिला

लष्करी विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फायटर येतं, नाहीतर मग रणगाडा पोटात घेऊन उडणारं मोठं मालवाहू विमान येतं. हेडक्वार्टरच्या दिमतीला जी छोटी विमानं असतात, आठ-दहा सीटांची, सकाळी दिल्ली दुपारी लखनौ संध्याकाळी परत दिल्ली अशी फिरणारी, त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं सापडत नाही. हवाई दलात याला कम्युनिकेशनचं काम म्हणतात, कम्युनिकेशन फ्लाइट, कम्युनिकेशन स्क्वाड्रन वगैरे, आणि इथे कम्युनिकेशन म्हणजे वायरलेस नाही हं, माणसं आणि कागद इकडून तिकडे पोचवणं. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच १९४७ मध्येच एअर हेडक्वार्टर्सचं कम्युनिकेशन स्क्वाड्रन पालमला उभं राहिलं, म्हणजे ही गरज किती मूलभूत आहे ते बघा, देशाची फाळणी होतेय, काश्मीर पेटलंय आणि तरी सेनापतींना फिरवायला वेगळं युनिट लागतंच.

मी इथे एकच प्रकरण घेतोय. ते खरं तर सुखरूप संपलं, कोणी दगावलं नाही, आणि म्हणूनच ते विसरलं गेलं असं माझं मत आहे. अपघातात माणसं गेली की चौकशी होते, चर्चा होते, नियम निघतात, आणि माणसं वाचली की पायलटला पदक मिळतं आणि फाईल बंद होते. पण शिकण्यासारखं या प्रकरणात तेवढंच आहे, कदाचित जास्तच.

काय झालं होतं

३ फेब्रुवारी १९५२. लखनौहून दिल्लीला निघालेलं हवाई दलाचं डेव्हन विमान, विमानाचे कॅप्टन (मुख्य पायलट) फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास, कलकत्त्याचे, वय २७. मागे बसलेली मंडळी कोण तर लेफ्टनंट जनरल एस. एम. श्रीनागेश, मेजर जनरल के. एस. थिमय्या, मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, मेजर जनरल मोहिंदर सिंग चोप्रा, मेजर जनरल सरदानंद सिंग आणि ब्रिगेडियर अजायब सिंग. ही नावं एकदा सावकाश वाचा. भारतीय अधिकाऱ्यांच्या हातात सैन्य येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झालेली, करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले ते जानेवारी १९४९ मध्ये, म्हणजे वरच्या हुद्द्यांवर अनुभवी भारतीय माणसं मुळातच मोजकी, आणि त्यातली इतकी एका छोट्या विमानात.

वाटेत एका इंजिनाला आग लागली. ती विझवायचा प्रयत्न झाला, आग आटोक्यात येईना. बिस्वास यांनी सांडिल्याजवळ एका शेतात विमान उतरवलं आणि आतली सगळी माणसं जिवंत बाहेर पडली. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग १ मिळालं, आणि हवाई दलाला मिळालेलं हे पहिलं अशोक चक्र. हा पुरस्कार सुद्धा अगदी नवा होता, ४ जानेवारी १९५२ ला सुरू झालेला, म्हणजे घटनेच्या बरोब्बर महिनाभर आधी.

थोडक्यात हकीकत एवढीच. पण ती नीट समजायची तर विमान आणि जागा दोन्ही बघायला लागतात.

विमान कसं होतं

डेव्हन म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीच्या डव्ह या प्रवासी विमानाचं लष्करी रूप. डव्ह पहिल्यांदा उडालं सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, छोट्या मार्गांवर प्रवासी न्यायला. संपूर्ण धातूचं, पंख खाली, पुढे नाकाखाली चाक, दोन जिप्सी क्वीन इंजिनं, प्रत्येकी साडेतीनशे अश्वशक्तीच्या आसपास. आठ-दहा माणसं बसतील एवढी केबिन. त्या काळात हे विमान चांगलंच मानलं जायचं आणि हेडक्वार्टरच्या कामाला अगदी योग्य, कारण डाकोटासारखं मोठं विमान तेवढ्याच माणसांसाठी काढायचं म्हणजे पेट्रोलची आणि क्रूची उधळपट्टी.

आता दोन इंजिनं आहेत म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्यावर येता येईल, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इंजिन बंद पडणं आणि इंजिन पेटणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडलं तर प्रश्न ताकदीचा असतो, दुसऱ्या इंजिनावर उंची टिकते का, भार किती आहे, जवळचा विमानतळ किती लांब. पेटलं तर प्रश्न वेळेचा होतो. इंजिन पंखावर बसवलेलं, पंखातच पेट्रोलच्या टाक्या, आणि पंखाला धरून ठेवणारा मुख्य तुळईसारखा भाग, ज्याला स्पार म्हणतात, तो त्याच पंखातून जातो. आग मागे सरकली की आधी तेल, मग पेट्रोल, आणि ज्वाळा स्पारपर्यंत पोचल्या की धातू तापून मऊ पडतो आणि पंख धड राहील याची खात्री संपते, मग दुसरं इंजिन कितीही छान चालू असेना का, काही उपयोग नाही.

इंजिनाला आग लागली की पायलटच्या हातात ठरलेल्या गोष्टी असतात. त्या इंजिनाचा पेट्रोलचा कॉक (तोटी) बंद करायचा, थ्रॉटल मागे, पंख्याची पाती हवेला आडवी जाणार नाहीत अशी फिरवून पंखा थांबवायचा (फेदर करणं म्हणतात त्याला), इग्निशन बंद, आणि इंजिनाच्या कप्प्यातलं आग विझवायचं सिलिंडर सोडायचं. हे सगळं काही सेकंदात करायचं असतं, आणि त्यात सगळ्यात भीषण चूक म्हणजे घाईघाईत चांगल्या इंजिनाचाच कॉक बंद करणं, जगभर असं झालेलं आहे. सिलिंडर एकदाच सुटतं. ते सोडूनही ज्वाळा दिसत राहिल्या तर ड्रिल संपलं, आता पुढे पुस्तकात एकच वाक्य उरतं की मिळेल तिथे जमिनीवर उतरा.

जागा कशी होती

सांडिला हे हरदोई जिल्ह्यातलं गाव, लखनौपासून वायव्येला साधारण ५० किलोमीटर, तिथले लाडू त्या भागात प्रसिद्ध आहेत. डेव्हनचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आसपास धरला तर हे अंतर दहा मिनिटांचं. म्हणजे परत लखनौला जायचं ठरवलं असतं तर वळण घेऊन, धावपट्टीच्या रेषेत येऊन, सगळं धरून दहा-बारा मिनिटं तरी लागली असती. ऐकायला दहा मिनिटं काहीच नाहीत. विझत नसलेल्या आगीबरोबर दहा मिनिटं म्हणजे फार मोठा काळ आहे, आणि इथेच या प्रकरणाचा कस आहे असं मला वाटतं.

कारण परत फिरायचा मोह जबरदस्त असतो. मागे धावपट्टी आहे, आगीचे बंब आहेत, दवाखाना आहे, आणि मागच्या सीटवर कोण बसलंय तर देशाच्या सैन्याची वरची फळी. शेतात उतरवलं आणि विमान बांधावर आपटून उलटलं तर उद्या सगळे विचारणार की विमानतळ एवढ्या जवळ असताना शेतात का घातलंस. धावपट्टीकडे जाताना हवेतच पंख गेला असता तर विचारायला कोणीच उरलं नसतं. २७ वर्षांच्या माणसाने हा हिशोब धुरात आणि ज्वाळांच्या उजेडात केला आणि बरोबर केला, माझ्या लेखी त्यांचं खरं शौर्य या निर्णयात आहे, विमान खाली टेकवण्याचं कौशल्य त्याच्या नंतर येतं.

आणि शेत म्हणजे मोकळं मैदान नव्हे. लखनौ ते सांडिला या पट्ट्यात मलिहाबाद आहे, दशहरी आंब्याचं माहेरघर, मैलोन्‌मैल बागा, तिथे उतरायचा प्रश्नच नाही. बागा संपल्या की गंगेच्या खोऱ्यातली सपाट जमीन लागते पण फेब्रुवारीत तिथे रब्बी उभी असते, गहू, मोहरी, कुठे ऊस. वरून हिरवंगार आणि सपाट दिसतं, खाली उतरायला लागलं की बांध दिसतात, पाण्याचे पाट दिसतात, मधेच एखादी विहीर, एखादं बाभळीचं झाड. पुढचं चाक बांधाला अडकलं तर विमान नाकावर जातं. त्यामुळे अशा ठिकाणी पायलट बहुतेकदा चाकं न काढता पोटावर उतरवायचा विचार करतात, घसरत जाईल, मोडेल, पण उलटणार नाही. आणि एकदा टेकलं की लगेच दुसरी शर्यत, दार उघडून माणसं बाहेर काढायची, कारण आग अजून चालूच आहे आणि टाक्यांमध्ये दिल्लीपर्यंतचं पेट्रोल जवळजवळ तसंच शिल्लक आहे.

मागच्या सीटवर जे होतं ते

हे प्रकरण मला आपल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं कारण त्या विमानात कोल्हापूरशी नातं असलेले दोघं होते. श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा. आणि थोरात, म्हणजे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. थोरात आणि थिमय्या तर जुने रणांगणातले सोबती, जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनींचे कमांडर भारतीय होते, थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांपैकी दोघं त्या दिवशी त्या डेव्हनमध्ये. चोप्रा म्हणजे तेच ज्यांनी १९४७ मध्ये अमृतसरला ब्रिगेडियर असताना वाघा सीमेवरचं चेकपोस्ट पाकिस्तानी ब्रिगेडियरबरोबर मिळून सुरू केलं.

आता पुढचं बघा. १९५५ मध्ये श्रीनागेश लष्करप्रमुख झाले, मे १९५७ मध्ये त्यांनी सूत्रं थिमय्यांकडे दिली, थिमय्या मे १९६१ पर्यंत. म्हणजे १९५५ ते १९६१ अशी सलग सहा वर्षं भारतीय सैन्याचे प्रमुख हे त्या जळत्या विमानातून उतरलेले दोन प्रवासी होते. त्याच्याही आधी, घटनेला दीड वर्ष होतंय तोवर कोरियात युद्धबंदी झाली आणि मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर युद्धकैद्यांची जबाबदारी भारताच्या गळ्यात आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैदी प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे कमांडर थोरात. दोघं एकाच विमानातले. सांडिल्याला तो पंख तुटला असता तर कोरियाला कोणाला पाठवलं असतं, आणि त्यांना ते जमलं असतं का, हा विचार केला तरी कसंतरी होतं.

आणि थोरातांचं पुढचं काम तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी नेफामधून (आजच्या अरुणाचल प्रदेशातून) चीनचा हल्ला कसा येईल, तो कुठे थांबवता येईल, त्यासाठी किती सैन्य लागेल याचा आराखडा केला, मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन तो तपासून दाखवला. वरिष्ठ पातळीवर तो मनावर घेतला गेला नाही आणि १९६२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. थिमय्यांनी आपल्या नंतर थोरातांचं नाव सुचवलं होतं, ते झालं नाही.

बिस्वास स्वतः मात्र १९५७ मध्ये विमान अपघातातच गेले. वय अवघं तेहतिशीच्या आत. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेच पण उलटं: पूंछ, १९६३

सांडिल्याची केस एकटी वाचली तर वाटतं, नशीब चांगलं, पायलट चांगला, संपलं. म्हणून तिच्या शेजारी २२ नोव्हेंबर १९६३ ची केस ठेवायलाच लागते. यावेळी हेलिकॉप्टर, हवाई दलाचं अलूएत ३. पूंछ भागात पाहणीला निघालेलं. आत पश्चिम विभागाचे लष्करी प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, १५ कोअरचे लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग (जम्मूतला बिक्रम चौक त्यांच्याच नावाचा), हवाई दलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो, २५ डिव्हिजनचे मेजर जनरल नानावटी, ९३ ब्रिगेडचे ब्रिगेडियर ओबेरॉय आणि पायलट फ्लाइट लेफ्टनंट सोधी. हेलिकॉप्टर टेलिग्राफच्या तारांना अडकून कोसळलं आणि सहाच्या सहा जण गेले. पिंटो म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीच्या वेळी हवाई कारवाईची आखणी ज्यांनी केली ते, पुणे आणि बेळगावच्या तळांवरून झालेली ती कारवाई.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की एक फरक दिसतो जो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५२ च्या विमानात बसली होती ती आडवी फळी, म्हणजे एकाच थराचे बरेच अधिकारी. ते गेले असते तर सैन्याचं पुढच्या दहा वर्षांचं नेतृत्व पोकळ झालं असतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही खंदकातल्या जवानाला हुकूम कोण देणार हा प्रश्न आला नसता. १९६३ मध्ये गेली ती उभी साखळी. आर्मी कमांडर, त्याच्या खालचा कोअर कमांडर, त्याच्या खालचा डिव्हिजन कमांडर, त्याच्या खालचा ब्रिगेड कमांडर, एकाच भागाची वरपासून खालपर्यंतची प्रत्येक पायरी, आणि वर त्यांना मदत करणाऱ्या हवाई दलाचा प्रमुख. ज्याची जागा घ्यायची तो गेला आणि जागा घेणारा पण गेला. त्यानंतर एका वर्षाच्या आत पश्चिम विभागाने दोन नवे प्रमुख बघितले, आधी माणेकशॉ आणि मग हरबक्ष सिंग, आणि १९६५ मध्ये त्याच भागात युद्ध पेटलं.

वरिष्ठांनी एकत्र उडू नये असा कडक नियम झाला तो पूंछनंतर. घरची सगळी कर्ती माणसं एका गाडीत बसवू नयेत हे आपल्याकडे आजी-आजोबा सुद्धा सांगतात, पण ते अमलात आणणं अवघड का जातं हे पण प्रामाणिकपणे बघायला हवं. पाहणीला गेल्यावर चारही कमांडरनी एकाच टेकडीवर उभं राहून तीच जमीन एकत्र बघणं याला लष्करी अर्थ आहे, नकाशावर वाद घालण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. विमानं मोजकी असतात, पायलट मोजके असतात. आणि प्रवासातला तासभर हाच कित्येकदा असा वेळ असतो जेव्हा फोन वाजत नाही आणि दोन जनरल निवांत बोलू शकतात. म्हणजे एकत्र बसण्यात फक्त बेफिकिरी असते असं मुळीच नाही, कारणं खरी असतात, म्हणूनच धोका पुन्हा पुन्हा घेतला जातो.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. पोलंडमध्ये २३ जानेवारी २००८ ला हवाई दलाचं कासा सी-२९५ कोसळलं, २० जण गेले, त्यात हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी, वॉर्सामधल्या उड्डाण सुरक्षेवरच्या परिषदेहून परतणारे, विमान त्यांना एकेका तळावर सोडत चाललं होतं. दोन वर्षांनी, १० एप्रिल २०१० ला, रशियातल्या स्मोलेन्स्कला पोलंडचं विमान कोसळून ९६ जण गेले, राष्ट्राध्यक्षांसकट सैन्यप्रमुख आणि भूदल, नौदल, हवाई दल या तिन्हींचे प्रमुख एकाच विमानात. ज्या खास रेजिमेंटचं ते विमान होतं ती रेजिमेंटच पुढे बरखास्त केली. एवढा मोठा धडा ताजा असताना दोन वर्षांत परत तेच, तेही युरोपातल्या एका संघटित सैन्यात. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२१ चा कुन्नूरचा दिवस कोणी विसरलेलं नाही, जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं तो, त्यात दाट ढगात शिरल्यावर पायलटचं दिशाभान सुटलं असं चौकशीत आलं, तो प्रश्न हवामानाचा जास्त होता, पण हेडक्वार्टरसाठी उडणाऱ्या पायलटवर काय भार असतो ते त्याने पुन्हा दाखवलं.

निर्णय कोणाचा

पायलटची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे, पण बिस्वास यांच्यासमोर जी परिस्थिती आली तिचा अर्धा भाग ते लखनौला विमानात चढायच्या आधीच ठरलेला होता. कोण कोण बसणार ती यादी कुठल्यातरी ऑफिसमध्ये टाइप झाली. इंजिन पेटणं कोणाच्या हातात नव्हतं, सहा वरिष्ठ एका केबिनमध्ये असणं मात्र हातात होतं. विमानात कॅप्टनचा शब्द शेवटचा, मागे सरसेनापती का बसलेले असेनात, ही परंपरा चांगली आहे आणि सांडिल्याला तिचाच फायदा झाला. पण ती परंपरा विमानाचं दार बंद झाल्यावर सुरू होते. दार बंद व्हायच्या आधी फ्लाइट लेफ्टनंट हुद्द्याचा माणूस चार मेजर जनरलना म्हणू शकत नाही की साहेब, तुमच्यापैकी दोघं पुढच्या विमानाने या.

म्हणून मला जे वाटतं ते सरळ लिहितो. एकत्र न उडण्याचा नियम मोडायची वेळ येणार, पाहणी असेल, युद्ध असेल, विमान एकच असेल, ते समजण्यासारखं आहे. पण त्या अपवादावर सही करायचा अधिकार त्या विमानात बसणाऱ्या कोणाकडेही नसावा. यादीतला सगळ्यात वरिष्ठ माणूस स्वतःच परवानगी देत असेल तर ती परवानगी नाहीच, कारण त्याला उशीर होतोय, त्याला सोबत हवी आहे, आणि त्याच्या हाताखालच्या कोणाची नको म्हणायची टाप नाही. सही जमिनीवर राहणाऱ्याची हवी, आणि सही करण्याआधी त्याने यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढंच लिहावं की हा माणूस संध्याकाळी परत आला नाही तर उद्या सकाळी त्याच्या खुर्चीत कोण बसेल, आणि तो बसणारा याच यादीत खाली कुठे आहे का.